शेवटचा काळा चिमटा

“भावजी, हा चष्मापण मांडायचा का पूजेत?”

खंडेनवमीची सकाळ होती. शालनवैनी देवासमोर पाट टाकून बसल्या होत्या आणि मी दुकानातनं पोत्यात भरून आणलेली हत्यारं एकेक करून त्यांच्या हातात देत होतो. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, मीटर, चार्जर. त्या प्रत्येक वस्तू ओल्या फडक्यानं पुसायच्या, हळदकुंकवाचं बोट लावायच्या आणि पाटावर ठेवायच्या. पोत्याच्या तळाशी माझा कामाचा चष्मा निघाला होता. पांढऱ्या काचेचा, बाजूनं झाकलेला, बॅटरीचं ॲसिड उडालं तर डोळे वाचवणारा.

“मांडा की,” मी म्हणालो. “त्यानं काय कमी सेवा केलीय? तेपण हत्यारच.”

काचेवर डाग पडू नये म्हणून वैनींनी चष्म्याच्या पट्ट्याला कुंकू लावलं आणि त्यात झेंडूचं एक फूल अडकवलं. चष्मा अगदी नवरदेवासारखा दिसायला लागला. आम्ही दोघंही हसलो.

मागनं आक्का, म्हणजे आमची आई, म्हणाली, “आता उद्या संध्याकाळी सोनं वाटून हुईस्तोवर ह्यातलं काय उचलायचं न्हाई. निवास, तुला सांगती. तुला लई खाज असती.”

“नाही उचलत, आक्का. मला काय एक दिवस सुट्टी नको?”

हे दोन हजार नऊ सालचं. विट्यात एसटी स्टँडच्या मागं माझं बॅटरी आणि वायरिंगचं दुकान होतं. अजूनही आहे. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझ्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा. बंद पडलेली गाडी घेऊन कोणी आला की मी नुसती चालू करून देत नसे, वर्ग घेत असे. “हे बघा मालक, दोन बॅटऱ्या, एक मेलेली, एक जिती. दोन्ही बारा व्होल्टच्याच पाहिजेत, ट्रकची चोवीसची जोडायची नाही. देणाऱ्या गाडीचं इंजिन बंद. पहिला लाल चिमटा मेलेल्या बॅटरीच्या अधिकला. दुसरा लाल जित्या बॅटरीच्या अधिकला. मग काळा जित्याच्या उण्याला. आणि आता नीट ऐका, शेवटचा काळा चिमटा मेलेल्या बॅटरीला लावायचाच नाही. तो लावायचा इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. का? तर शेवटच्या चिमट्याला ठिणगी पडते, आणि बॅटरीच्या तोंडाशी गॅस असतो. तिथं बिडीसुद्धा ओढायची नाही. उडालं चेहऱ्यावर ॲसिड, तर पाणी. दूध नाही, तूप नाही, नुसतं पाणी, पंधरा मिनिटं.” माणसं मान डोलवायची. कितीतरी जणांना माझं हे कीर्तन पाठ झालं होतं. आमच्या गल्लीतल्या तात्या जाधवांना तर झालंच होतं, आणि जेवणाचा डबा घेऊन दुकानात येणाऱ्या वैनींनाही झालं होतं.

माझा भाऊ हणमंत, आम्ही त्याला दादा म्हणायचो, एसटीत ड्रायव्हर होता. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी सहावीत होतो. दादानं कॉलेज सोडलं, ट्रकवर क्लीनर राहिला, मग ड्रायव्हर झाला, मग एसटीत लागला. माझं दुकान त्याच्या पगारावर उभं राहिलं. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. लांब पल्ल्याच्या गाड्या त्यालाच द्यायचे, कारण त्याची नजर. समोरच्या वळणावरची पाटी आम्हाला दिसायच्या आधी तो वाचून दाखवायचा. दरवर्षी डोळ्यांची तपासणी झाली की घरी येऊन आक्काला म्हणायचा, “डॉक्टर म्हणतोय, ह्या डोळ्यांवर अजून वीस वर्षं बिनघोर.” आक्का लगेच त्याची दृष्ट काढायची.

त्यानं त्या वर्षी एक मोटरसायकल घेतली होती. हातफिरती, पण नव्या पद्धतीची. तिला किक नव्हतीच. बटण दाबायचं, की सुरू. मागच्या महिन्यात त्यानं ती रंगवायला टाकली. टाकी मरून रंगाची, आणि इंजिन, चेसी सगळं काळं कुळकुळीत. रंगाऱ्यानं लावले पाच आठवडे. वर नवरात्रात दादाला जादा गाड्यांची ड्युटी. गाडी घरी आली ती अष्टमीला, आणि पडवीत झाकून ठेवली. बॅटरी बघायला पाहिजे होती. मी बघितली नाही. बॅटरीवाल्यानं स्वतःच्या घरची बॅटरी बघायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दसऱ्याला सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीत सगळ्या गाड्या धुऊन ओळीनं उभ्या. झेंडूचे हार, उसाची कांडी, चाकाखाली लिंबू. दादा खाकी कपडे घालूनच तयार होता, कारण दोनला त्याला स्वारगेटची गाडी घेऊन जायचं होतं. त्याच्या आधी पूजा करायची, नव्या रंगाच्या गाडीवरनं आक्काला देवीला नेऊन आणायचं, आणि मग ड्युटी, असा बेत. आक्का जरीकाठाचं लुगडं नेसून दारात उभी.

मी उदबत्त्या लावल्या, काडीपेटी शर्टाच्या खिशात टाकली. दादानं चावी फिरवली. दिवा लागेना. बटण दाबलं. गाडीनं हूं की चूं केलं नाही.

समोरनं तात्या जाधवांनी आवाज दिला. “काय निवासराव! गावाला उजेड देताय आणि घरात अंधार?”

सगळी गल्ली हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“ढकलून बघू का?” दादा म्हणाला.

“ढकलून नाही व्हायची. बॅटरी पार झोपलीय. आणि बॅटरीवाल्याच्या दारात गाडी ढकलायची? दसऱ्याच्या दिवशी?”

“मग राहू दे की. पूजा करून ठेवू. उद्या बघ निवांत.”

त्यानं असं म्हटलं होतं. हे मी कितीदा आठवलं असेल त्याला गणती नाही. राहू दे, उद्या बघ, एवढंच. त्याला कसलीही घाई नव्हती. घाई मला होती, कारण तात्या हसले होते.

चार्जर पूजेत. मीटर पूजेत. पाने पूजेत. आक्काच्या पुढ्यातनं उचलायची सोय नव्हती. पण चिमट्यांच्या वायरी मात्र पूजेत नव्हत्या, कारण त्या आठ दिवसांपूर्वी तात्यांनीच नेल्या होत्या आणि त्यांच्या जीपमध्ये पडून होत्या. मी म्हणालो, “तात्या, हसताय काय? जीप आणा इकडं. दोन मिनिटांत चालू करतो का नाही बघा.”

तात्यांनी जीप लावली. मी मोटरसायकलचं सीट काढलं. आत एवढीशी बॅटरी, तिच्यातलं पाणी तळाला गेलेलं. सहाही टोपणं उघडून मी पाणी घातलं आणि टोपणं नुसती वर ठेवली. घट्ट केली नाहीत.

वैनी आरतीचं ताट घेऊन बाहेर येत होत्या. मला बघून थांबल्या. “भावजी, चष्मा काढून देऊ का? तुम्ही कायम घालता की.”

“तिचं ऐकू नगंस,” आक्का म्हणाली. “देवाजवळनं काय हलवायचं न्हाई.”

“असू द्या वैनी. दोन मिनिटांचं काम आहे, चष्मा कशाला?”

लाल चिमटे लावले. काळा जीपच्या बॅटरीला लावला. शेवटचा काळा चिमटा हातात घेऊन मी उघडं लोखंड शोधायला लागलो. उघडं लोखंड होतंच कुठं? सगळं रंगवलेलं. इंजिनच्या एका बोल्टजवळ चिमटा नेला तर दादा कळवळून म्हणाला, “ए निवाश्या, रंगावर ओरखडा पडंल बघ. घरी येऊन दोनच दिवस झाल्यात.”

“बरं बाबा, तुझी नवरी राहू दे गोरीपान,” मी म्हणालो. आणि तो चिमटा मी सरळ बॅटरीच्या उण्याला लावला.

वायरीनं बारीकशी चमक मारली, बाकी काही झालं नाही. दादानं बटण दाबलं. नुसतं टकटक. तात्या गाडीतनं हसले. मी चिडलो. म्हणालो, “तात्या, जीप चालू करा, आणि जरा रेस देऊन ठेवा. दहा मिनिटं तिच्यात करंट भरू दे.” आयुष्यात कुणाला असं सांगितलं नव्हतं. उलट असं करणाऱ्यांना मी झापत असे. तात्यांनी रेस दिली. गल्लीत जीपचा धडधडाट सुरू झाला, बाजूला बोललेलं ऐकू येईना. मेलेली बॅटरी गरम झाली, टोपणांच्या कडेनं बुडबुडे यायला लागले. मला दिसत होते ते. बुडबुडे म्हणजे गॅस. मी दुकानात हेच सांगायचो.

गाडीच्या हँडलवरचा झेंडूचा हार घसरून बॅटरीवर आला आणि त्याच्या ओझ्यानं काळा चिमटा निसटला.

“दादा, हार जरा वर धर,” मी ओरडलो. दादा पुढं आला, दोन्ही हातांनी हार उचलून वाकला आणि चिमटा कुठं गेला ते आत बघायला लागला. त्याचं तोंड बॅटरीपासून वीतभर होतं.

त्याच वेळी माझ्या डाव्या बाजूला वैनी आल्या. त्यांच्या ताटात निरांजन होतं. त्या माझ्या कानाशी येऊन काहीतरी बोलल्या. मी म्हणालो, “थांबा, एवढं झालं की देतो.” आणि चिमटा उचलून पुन्हा बॅटरीच्या उण्यावर टेकवला.

शेवटचा चिमटा टेकवताना मी तोंड फिरवतो. आपोआप होतं ते, सात वर्षांची सवय. त्या दिवशीही मी तोंड फिरवलं. दादाला कुठली असणार ती सवय? आणि मी त्याला सांगितलंही नाही.

आवाज सुतळी बॉम्बसारखा झाला. बॅटरीचं झाकण उडून पडवीच्या पत्र्यावर आदळलं. दादा मागं कोसळला, दोन्ही हात डोळ्यांवर, हार अजून बोटांत अडकलेला. “आई गं, आई गं” एवढंच म्हणत होता.

मी, ज्याला सगळं माहीत होतं तो, चिमटा हातात धरून उभा राहिलो. आक्का बोंबलत होती. तात्या जीप बंद करून धावत आले. कोण म्हणालं दूध आणा, कोण म्हणालं तूप घाला डोळ्यात. वैनींनी हातातलं ताट टाकलं. दारातली तांब्याची कळशी उचलून त्यांनी दादाच्या तोंडावर ओतली, मग त्याला काखेत धरून ओढत नळावर नेलं. शेजारीण दुधाचं भांडं घेऊन आली तर तिला कोपरानं ढकललं. “पाणीच घालायचं. पंधरा मिनिटं. भावजी सांगत्यात तसं.” दादा ओरडत होता, डोळे मिटून घेत होता, आणि वैनी त्याच्या पापण्या बोटांनी फाकवून धरत होत्या आणि पाणी सोडत होत्या. त्यांच्या स्वतःच्या हाताची कातडी लाल झाली होती. मी तेव्हा कुठं जागचा हललो आणि जीपची चावी घेतली.

मिरजेच्या दवाखान्यात दुपारी तीन वाजता डॉक्टर बाहेर आले. डावा डोळा गेला होता. उजवा वाचेल, म्हणाले, पूर्वीसारखा नाही, पण वाचेल.

“पाणी लगेच घातलं म्हणून वाचला,” ते म्हणाले. “कुणी घातलं?”

मी म्हणालो, “आम्हीच. घरच्यांनी.”

वैनी खाली फरशीवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

डॉक्टर आत गेले आणि आक्कानं हंबरडा फोडला. “माझ्या लेकाचा डोळा गेला! डरायवर माणूस गं माझा! काय झालं, कसं झालं?”

तात्या म्हणाले, “बॅटरीच्या तोंडाला गॅस असतो, आक्का. निवासच सांगतो की कायम, बिडीसुद्धा ओढायची नाही म्हणून. आणि शालन निरांजन घेऊन पार जवळ आली बघा. मी जीपमधनं बघितलं.”

तात्या वाईट माणूस नव्हते. त्यांना जे कळलं होतं ते माझ्याकडूनच कळलं होतं.

आक्का वैनींकडं वळली. “तू निरांजन नेलंस? बॅटरीवर? अगं बये, नवऱ्याला ओवाळायचं का जाळायचं?”

वैनी उठल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. “आत्याबाई, वात पेटलेली नव्हती. उंबऱ्यातच वाऱ्यानं विझली. ती पेटवायला मी भावजींना काडीपेटी मागितली. ते थांबा म्हणाले. तवाच उडालं. विचारा त्यांना.”

आक्का माझ्याकडं बघायला लागली. तात्याही.

काडीपेटी माझ्या शर्टाच्या खिशात होती. छातीला टोचत होती. वैनींनी कानाशी येऊन काय म्हटलं होतं ते मला अक्षर न् अक्षर आठवत होतं. “वात विझली भावजी, काडीपेटी हाय का?” असं म्हटलं होतं. जीपच्या आवाजात ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नव्हतं.

“खरं का रं, निवास?” आक्का म्हणाली.

माझ्या डोक्यात त्या वेळी काय काय आलं ते मी सांगतो. दुकान आलं. दिवाळीनंतर एका कंपनीची एजन्सी मिळायची होती, ती आली. पण ते सगळं मागनं आलं. आधी आला तो दादा. पट्ट्या बांधून आत पडलेला. त्याला उद्या कळणार की निवाश्यानं माझा डोळा घालवला. ज्याच्यासाठी मी कॉलेज सोडलं त्यानं. ते मला सोसवणार नव्हतं.

“मला आठवत नाही, आक्का,” मी म्हणालो. “गडबड होती. कायच आठवत नाही.”

वैनींनी माझ्याकडं बघितलं. त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. मी पुढं काही बोलतोय का याची त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, आणि मग परत फरशीवर बसल्या.

मी चहा आणायला म्हणून बाहेर पडलो आणि दवाखान्याच्या मागच्या गटारात काडीपेटी टाकून दिली.

दादा ड्रायव्हर राहिला नाही. एका डोळ्यावर एसटी कोण चालवू देणार? त्याला डेपोत हलकं काम दिलं. गाड्या धुऊन झाल्या की त्यांचे नंबर लिहायचे. जिथं तो ऐटीत स्टिअरिंगवर बसायचा त्याच फाटकातनं तो डबा घेऊन चालत जायचा, चालत यायचा. मोटरसायकल त्यानं पुन्हा रंगवली नाही, चालवलीही नाही. विकून टाकली. मला एका शब्दानं बोलला नाही. “नशिबात असतं ते होतं,” म्हणायचा. वैनींनाही बोलला नाही.

बोलली ती आक्का. आयुष्यभर बोलली. तोंडावर कमी, माणसांत जास्त. “शालननं निरांजन बॅटरीवर धरलं, आणि माझ्या निवासनं पाणी घातलं म्हणून एक डोळा तरी राहिला.” पै-पाहुण्यांत, हळदीकुंकवात, दारात आलेल्या बोहारणीला, सगळ्यांना हेच. मी तिथं असलो तर मान खाली घालायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

आणि आक्कानं वैनींच्या हातातनं निरांजन काढून घेतलं. माझं लग्न झालं तेव्हा मला ओवाळलं ते चुलतबहिणीनं. माझी मुलगी झाली, बारशाला पाच बायका पाळण्याभोवती उभ्या राहिल्या, वैनी आत पुऱ्या तळत होत्या. मुलगी पुढं विचारायची, “काकी, तू का नाही ओवाळत?” वैनी म्हणायच्या, “माझा हात भाजतो बाई.” दर दसऱ्याला माझी हत्यारं पाटावर लागायची. माझी बायको मांडायची. चष्मा मी पुन्हा कधी पूजेत ठेवू दिला नाही. बायकोनं कारण विचारलं तेव्हा तिच्यावर खेकसलो.

सांगायचं सांगायचं करत चौदा वर्षं काढली. दादाचं मन जरा निवू दे, मग सांगू. मुलगी जरा मोठी होऊ दे. आक्काचं पथ्यपाणी चालू आहे, तिला धक्का नको. कारणं कमी पडली नाहीत मला.

परवाच्या श्रावणात आक्का गेली. शेवटचे आठ महिने ती अंथरुणावरच होती. तिचं सगळं वैनींनी केलं. अंग पुसण्यापासून भात भरवण्यापर्यंत. आक्का त्यांच्या हातचं खायची, त्यांच्या खांद्यावर मान टाकून बसायची, आणि भेटायला कोणी आलं की तीच गोष्ट पुन्हा सांगायची. वैनी ताट उचलून आत जायच्या.

आक्काला जिथं ठेवलं होतं तिथं दहा दिवस दिवा तेवत ठेवायचा असतो. आता तो कुणी सांभाळायचा? हात धरायला आक्का नव्हती. वैनींनी कुणाला न विचारता तेल घातलं, वात लावली. चौदा वर्षांनी त्यांच्या हातात मी दिवा बघितला.

सातव्या दिवशीची गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील. मी आणि दादा भिंतीला टेकून बसलो होतो. दार वाजलं, वारा आत आला आणि दिवा विझला. वैनी लगबगीनं आतनं आल्या, वाकल्या, वात बोटानं वर केली आणि मागं न बघताच म्हणाल्या,

“वात विझली भावजी, काडीपेटी हाय का?”

मुद्दाम म्हणाल्या नव्हत्या. त्यांच्या तोंडातनं सहज आलं. पण त्या दवाखान्यात जे बोलायला पाहिजे होतं ते सगळं मी बोलायला लागलो. वात पेटलेली नव्हती. काडीपेटी माझ्या खिशात होती. शेवटचा चिमटा मी रंग जाईल म्हणून बॅटरीवर लावला. जीप चालू ठेवायला मी सांगितलं. मी तोंड फिरवलं आणि दादाला सांगितलं नाही. पाणी वैनींनी घातलं. काडीपेटी मी गटारात टाकली. लहान पोरासारखा रडत होतो मी, चाळिशी गाठलेला माणूस.

दादानं माझ्याकडं बघितलंच नाही. तो उरलेल्या एका डोळ्यानं वैनींकडं बघत राहिला. मग म्हणाला, “शालन, तू मला तरी सांगायचंस.”

“सांगितलं हुतं,” वैनी म्हणाल्या. “दवाखान्यातच सांगितलं हुतं. तुम्ही म्हणाला, झालं ते झालं, आता कशाला. मी म्हणलं बरं.”

दादानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या दिवशी कोसळताना झाकलं होतं तसंच.

मी वैनींच्या पायाशी सरकलो. म्हणालो, “वैनी, उद्याच मी सगळ्या भावकीला बोलावतो. तात्यांना बोलावतो. सगळ्यांसमोर सांगतो. दहाव्याला माणसं जमतील, तिथं उभा राहून सांगतो.”

वैनींनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“त्यांना सांगून मी काय करू, भावजी?” त्या म्हणाल्या. “मला एकच माणूस पाहिजे हुतं ऐकायला. गेल्या आठवड्यापतुर हितंच पडलं हुतं ते, ह्याच जागंवर. मी रोज तुमची वाट बघायची. तुम्ही यायचा, पाय दाबायचा, औषध विचारायचा, आणि जायचा.”



त्यांनी पदरानं हात पुसला आणि पुढं केला.

“काडीपेटी द्या. दिवा असा ठेवायचा नसतो.”

मी खिसे चाचपले. माझ्याकडं काडीपेटी नव्हती. त्या उठल्या आणि चुलीजवळची आणायला आत गेल्या.